पढवलेली बोटं

साडीच्या दुकानात माझी आत्या पदराकडे दुकानदार दाखवतो त्या बाजूने बघतच नाही. गादीवर पैठणी उलगडली, मोर झळकले, शेजारच्या बायकांनी "अगं बाई!" म्हटलं, तोवर आत्याचा उजवा हात पदराखाली गेलेला असतो. अंगठा वर, दोन बोटं खाली, आणि मधल्या कापडावरून हात सावकाश सरकतो. मग ती म्हणते, "उलटी कर रे जरा." दुकानातला मुलगा कधी लगेच उलटी करतो, कधी म्हणतो, "मावशी, अस्सल आहे हो, त्यात काय बघायचं?" हे दुसरं उत्तर आलं की आत्या चहा न घेता उठते.

कारण साधं आहे. हातमागावरच्या पैठणीत पदराची नक्षी विणकर एकेका रंगाची छोटी कांडी हाताने फिरवून भरतो आणि शेजारशेजारच्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवत जातो. त्यामुळे मोर वरून जसा, तसाच खालून. यंत्रमागावरच्या स्वस्त पदरात रंग बदलला की धागा मागच्या अंगाने लोंबत पुढे जातो. कधी तो कापून टाकलेला असतो, कधी तसाच सोडलेला असतो, आणि दोन्ही वेळा तो बोटाला लागतो. वरून बघणाऱ्याला मोर दोन्हीकडे सारखाच. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं लेबलही असतं, पण आत्या लेबल वाचत नाही. डोळे वरून आणि बोटं खालून, असे दोन साक्षीदार ती एकाच वेळी उभे करते आणि दोघांची जबानी जुळली तरच पर्स उघडते.

या कामाला आपण 'हात लावून बघणं' म्हणतो. चव घेऊन बघतो, वास घेऊन बघतो, अंधारात चाचपून बघतो. बघणं हे डोळ्यांचं क्रियापद मराठीत सगळ्या इंद्रियांनी आपापसांत वाटून घेतलं आहे. 'पोत' हा शब्दही तसाच. कापडाचा पोत दिसतो आणि लागतोही, जमिनीचा पोत शेतकरी ढेकूळ बोटांत चुरून सांगतो. (गोंधळ्याचा पेटता पोत आणि गळ्यातली पोत ही वेगळी मंडळी, तिकडे वळायला नको.) पण विश्वासाच्या बाबतीत मात्र आपण या दोन साक्षीदारांना एका तागडीत तोलत नाही. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण लहानपणापासून ऐकलेली. 'लागतं तसं नसतं' अशी म्हण निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही. डोळ्यांवर शंका घ्यायची आणि शंका फेडायला बोट पुढे करायचं, ही आपली पिढीजात रीत.

ही रीत आता मोडायला आली आहे, आणि तिच्याबद्दल आपला कायदा गप्प आहे. मला या लेखात एवढंच मांडायचं आहे, पण ते मांडायला थोडं मागे जावं लागेल.

गेल्या वर्षी एका प्रदर्शनात मी एक अंगठी घालून बघितली. अंगठी म्हणायचं आपलं. तर्जनीच्या मधल्या पेरावर वेल्क्रोने बांधलेली शेंगदाण्याएवढी मोटर होती ती. डोळ्यांवर जाड चष्मा. समोर सनमायका लावलेलं साधं पांढरं टेबल. चष्म्यातून बघितलं तर टेबलाच्या हातभर तुकड्यावर गोणपाट अंथरलेलं दिसत होतं. ऑगमेंटेड रिअॅलिटीची, म्हणजे एआरची, हीच गंमत. सगळी खोली खरी, टेबल खरं, माझा हात माझाच, नखाशेजारी पेनाच्या शाईचा डागसुद्धा जागेवर, फक्त तेवढा चौकोन बनावट. बोटाचं टोक पूर्ण उघडं होतं आणि खऱ्याखुऱ्या सनमायकाला टेकलेलं होतं. बोट सरकवलं, आणि गोणपाट लागलं. सुतळीची वीण एकेक करून बोटाखालून जात होती. मी खोटं सांगत नाही, त्या क्षणी कोणी 'टेबलावर काय आहे' असं विचारलं असतं तर मी 'पोतं' म्हणालो असतो.

मग सहज बोट थांबवलं. पोतं गेलं. थंड, गुळगुळीत सनमायका तेवढा राहिला. हे लक्षात यायला मला चांगली दोन-तीन मिनिटं लागली होती, कारण डोळ्यांना पोतं दिसतच होतं आणि बोट थांबलेलं असतानाही मन ते लागत असल्याचं धरून चाललं होतं. उपकरण दाखवणारा मुलगा हसला. म्हणाला, "सर, आता मोटरला हात लावत नाही, फक्त चित्र बदलतो." गोणपाटाच्या जागी तपकिरी कॉर्डरॉय आली. आणि बोटाला लागणारं कापड बदललं. राठपणा गेला, जाडसर मऊपणा आला. मोटर मघासारखीच थरथरत होती.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण यात जादू काही नाही. बारीक पोत आपल्या बोटाला आकार म्हणून कळतच नाही. ब्रेलचे ठिपके किंवा गोणपाटाची जाडी कातडीवर दाबली जाते आणि आकार म्हणून समजते, पण साधारण ०.२ मिलिमीटरच्या खालची वीण कळते ती बोट सरकताना कातडीत उठणाऱ्या थरथरीवरून. त्या थरथरीसाठी कातडीखाली खोलवर वेगळे संवेदक आहेत, आणि सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या आसपास ते सर्वांत तल्लख असतात. किती तल्लख? २०१३ साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखवलं की बोट सरकवून माणूस १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांत फरक करू शकतो. केसाच्या जाडीचा हा काही हजारावा भाग झाला. एवढं नाजूक यंत्र शेंगदाण्याएवढ्या मोटरला फसतं ते याचमुळे. त्याला हवी असते योग्य वेळी आलेली योग्य थरथर, मग ती कापडातून येवो की पेरावर बांधलेल्या मोटरमधून.

थरथर नोंदवून ठेवणंही जमलेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरीन कुकनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनासारखं अवजार वेगवेगळ्या १०० पृष्ठभागांवरून ओढलं, वेग आणि दाबाप्रमाणे कंपनं कशी बदलतात ते टिपलं आणि २०१४ साली तो सगळा संग्रह खुला केला. गाण्याची रेकॉर्ड असते तशी कापडाची. जपानमध्ये नागोयाच्या संशोधकांनी उघड्या बोटाला बाहेरून कंपनं देऊन खऱ्या वस्तूचा खडबडीतपणा कमीजास्त भासवण्याचं काम केलं. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं अशी माझी विनंती आहे. वस्तू खरी, बोट खरं, उघडं, तिला टेकलेलं, आणि तरीही लागतं ते वेगळंच.

आता डोळ्यांकडे. १९६४ साली अर्विन रॉक आणि जॅक व्हिक्टर यांनी लोकांच्या हातात एक चौरस दिला, हात दिसू नये म्हणून कापडाखालून, आणि बघायला मध्ये एक भिंग ठेवलं ज्यातून चौरसाची रुंदी आक्रसलेली दिसे. (कापडाखाली हात, आत्यासारखाच.) हातात चौरस असूनही लोकांनी आयत सांगितला. बहुतेकांना काही बिनसलंय हेही जाणवलं नाही. त्यावरून बरीच वर्षं असं मानलं गेलं की डोळे हे घरातले कर्ते पुरुष, आणि बोटं ते म्हणतील त्याला मान डोलवणारी. पोताच्या बाबतीत ते खरं नाही. १९८१ मध्ये सुझन लेडरमन आणि सहकाऱ्यांनी खरखरीत पृष्ठभागांवर प्रयोग केले. हार्डवेअरच्या दुकानात आपण ज्याला पॉलिश पेपर म्हणतो त्याची कल्पना करा. डोळ्यांना एका नंबरचा कागद दाखवायचा, बोटाखाली गुपचूप दुसऱ्या नंबरचा सरकवायचा. लोकांनी सांगितलेला खरखरीतपणा दोघांच्या मधोमध आला. पोत ठरवताना बोटाचं मत डोळ्यांच्या मताइतकंच मोजलं जातं.

या सगळ्याचं गणित २००२ साली मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडलं. लोकांनी एका उंचवट्याची उंची बघून आणि चिमटीत धरून सांगायची होती. संशोधक दृश्य मुद्दाम अंधुक करत नेत. जसजसं चित्र बिघडलं तसतसा मेंदू बोटांवर जास्त भार टाकत गेला. जो साक्षीदार त्या घटकेला जास्त भरवशाचा, त्याच्या शब्दाला तितकं जास्त वजन. आणि मुख्य म्हणजे, दोघांची जबानी एकत्र केल्यावर निघणारा निष्कर्ष एकट्या डोळ्यांच्या किंवा एकट्या बोटांच्या निष्कर्षापेक्षा अधिक पक्का निघाला. माणूस नकळत उत्तम सांख्यिकी करतो, असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि तो रास्तच आहे.

पण या गणितात एक गृहीतक आहे, त्याच्याकडे कोणी फारसं बोट दाखवत नाही. दोन साक्षीदार एकमेकांना भेटलेले नसावेत. डोळ्यांची चूक वेगळ्या कारणाने होते, बोटांची वेगळ्या कारणाने, म्हणून दोघांचं एकमत हे पुराव्याचं बळ ठरतं. लाखो वर्षं ते खरंच होतं. उजेड बोटाला फसवू शकत नव्हता आणि घट्टे पडलेली कातडी डोळ्यांना फसवू शकत नव्हती. एआरच्या चष्म्यात आणि अंगठीत हे गृहीतकच उरत नाही. चित्र आणि थरथर एकाच फाइलमधून येतात, एकाच कंपनीच्या, एकाच हेतूने. कोर्टात अशा साक्षीदारांना पढवलेले साक्षीदार म्हणतात. उलटतपासणीत वकील नेमकं हेच बाहेर काढतो की दोघांची वाक्यं शब्दशः सारखी कशी. आपल्या मेंदूकडे असा वकील नाही. जुळणाऱ्या जबान्या ऐकून तो उलट अधिक निर्धास्त होतो.

म्हणून 'फोटोसुद्धा खोटे असतातच की, लोक शिकले ना सावध राहायला' हा युक्तिवाद मला पटत नाही. फोटोबाबत आपण सावध झालो, कारण पार्सल उघडल्यावर बोट फोटोविरुद्ध साक्ष द्यायचं. मी स्वतः एकदा ऑनलाइन सुती चादर मागवली. फोटोत प्रत्येक धागा मोजता येईल इतकं सुंदर विणकाम होतं. चादर आली ती कागदासारखी कडक आणि ओशट लागणारी. दोन मिनिटांत कळलं, परत केली. त्या दोन मिनिटांतलं ज्ञान बोटांकडून आलं. खरेदीच्या आधीच बोटाला पटवून ठेवलं, तर पार्सल उघडल्यावर होतो तो हिरमोड. सावधपणा त्यातून येत नाही. ऑनलाइन मागवलेली चादर निदान घरी तरी येते. उद्या हे चष्मे दुकानातच असतील आणि समोर खरं कापड असेल, तेव्हा तुलना कशाशी करायची?

कोणी म्हणेल, हे फार दूरचं आहे. चष्मे महाग, अवजड. अॅपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आला आणि त्यात बोटांना काहीच लागत नाही. मायक्रोसॉफ्टने तर होलोलेन्स हा आपला चष्मा बनवणंच थांबवलं. मान्य. पण खोटा स्पर्श आपल्या हातात कधीचाच आलेला आहे. २०१५ नंतरचा मॅकबुक प्रो घरात असेल तर तो पूर्ण बंद करून टचपॅड दाबून बघा. दाबलाच जात नाही, काचेचा निर्जीव तुकडा. चालू असताना जो 'टक' लागतो तो मोटरचा. आयफोन ७ चं होम बटणही असंच होतं, बटणच नव्हतं ते. कित्येकांनी वर्षानुवर्षं ते 'दाबलं'. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे मोटरचीही गरज नसते. फ्रान्समधल्या अनातोल लेक्युये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसता माउसचा बाण पडद्यावर एका जागी हळू आणि एका जागी भरभर पळवून लोकांना खड्डे-उंचवटे 'लागवून' दाखवले. २००० सालापासून या प्रकाराला स्यूडो-हॅप्टिक, म्हणजे आभासी स्पर्श, म्हणतात. मेंदू अर्धी वाट स्वतःहून चालत येतो.

टचपॅडच्या 'टक'ने कोणाचं नुकसान होत नाही, हेही खरं. खोट्या स्पर्शाबद्दल माझी तक्रारच नाही. खोटा स्पर्श कोणत्या कामाला जुंपला आहे यावर सगळं अवलंबून आहे. शस्त्रक्रियेच्या यंत्रमानवाचं उदाहरण घ्या. दा विंची यंत्रावर सर्जन वर्षानुवर्षं नुसतं बघून टाके घालत होते, ऊती किती ताणली जातेय ते हाताला कळत नव्हतं. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या दा विंची ५ मध्ये ते बळ हाताला जाणवण्याची सोय आली. हातात येणारा तो ताण यंत्राने घडवलेलाच आहे. पण सर्जनला ते माहीत आहे, त्याचं प्रशिक्षण झालं आहे, आणि टोकाला खरोखर मोजलेल्या बळाशी तो बांधलेला आहे. इथे यंत्र निरोप्या आहे आणि निरोप खरा आहे. संग्रहालयातल्या ज्या मूर्तीला हात लावायला कायम बंदी, तिचा पोत प्लास्टरच्या प्रतिकृतीवर अंध मुलाला बोटाने कळला, तर त्यावर आक्षेप घेणारा मी कोण?

सर्वांत अवघड प्रश्न येवल्याच्या विणकराचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. एखाद्या पैठणीवर तो महिनोन्महिने बसतो. वरचा नफा व्यापारी घेऊन जातो, कारण गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत किंवा न्यू जर्सीत असतं आणि हात लावून बघितल्याशिवाय पन्नास हजार मोजायला तयार नसतं. उद्या विणकराने पदराची उलटी बाजू नोंदवून पाठवली आणि न्यू जर्सीतल्या ताईंनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बोट फिरवून ती बघितली, तर मधली साखळी तुटेल. हे तंत्रज्ञान बंद करा म्हणणारा लेख लिहिला तर मी त्या विणकराच्याच पोटावर पाय देईन. पण नेमकं त्याच विणकराला सर्वांत मोठा धोका याच गोष्टीचा आहे. त्याच्या पदराची नोंदलेली उलटी बाजू उद्या यंत्रमागाच्या साडीच्या फोटोला कोणीही चिकटवू शकेल. चित्र चोरण्यापेक्षा पोत चोरणं सोपं आहे, कारण चोरलेल्या चित्रातला मोर ओळखू येतो आणि चोरलेला पोत कुठल्याही मोराखाली खपतो. हातमागाकडे यंत्रमागाविरुद्ध उरलेलं एकमेव हत्यार आत्याचं बोट आहे. तेच फितवता आलं तर मानांकनाचं लेबल कितीसं टिकणार?

मग कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उघडून मी 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या वाचली. कलम २, पहिलंच उपकलम. प्रकाश, ध्वनी, धूर, वायू, छापील मजकूर, इलेक्ट्रॉनिक माध्यम, इंटरनेट किंवा वेबसाइट यांद्वारे केलेली श्राव्य किंवा दृश्य प्रसिद्धी म्हणजे जाहिरात. धूर आणि वायू! विमानातून धुराने आकाशात अक्षरं काढणारे आणि गॅसचे फुगे सोडणारे मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असावेत. २०१९ सालच्या कायद्यात धुराची आठवण ठेवली गेली, आणि स्पर्शाची नाही. जाहिरात एक तर ऐकू येते नाही तर दिसते, तिसरा प्रकार कायद्याला ठाऊक नाही. पुढे अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. तिथेही खोटं विधान म्हणजे तोंडी, लेखी किंवा दिसणाऱ्या रूपात केलेलं विधान, एवढंच.

एका वकील मित्राने मला थांबवलं. "अरे, 'इलेक्ट्रॉनिक माध्यम' आहे ना त्यात, सगळं बसतं." बसवायचं म्हटलं तर बसेल, पण 'श्राव्य किंवा दृश्य' ही विशेषणं आधी येतात आणि समोरच्या कंपनीचा वकील तीच दाखवणार. आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही, यावर पुढची साखळी टांगलेली आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. आता समजा, साडीच्या वर्णनात 'सिल्क ब्लेंड' असं गुळमुळीत लिहिलं आहे, चित्र साडीचंच खरं आहे, आणि बोटाला जे लागलं ते अस्सल रेशीम. जाहिरातीत काय सांगितलं होतं? लिहिलेलं खरं, दिसलेलं खरं, खोटं होतं ते फक्त लागलेलं. आणि जे लागलं त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही. ग्राहक आयोगापुढे आत्याने पुरावा म्हणून काय ठेवायचं, स्वतःचं बोट?

फसव्या जाहिरातींना पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत दंड करण्याचे अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये याच प्राधिकरणाने डार्क पॅटर्नवर, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला गंडवण्याच्या क्लृप्त्यांवर, मार्गदर्शक सूचना काढल्या, १३ प्रकार नावानिशी सांगितले: खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं वगैरे. म्हणजे इच्छा असली की जमतं. पण त्या सूचना कधी आल्या बघा. लोक ऑनलाइन खरेदी करून पंधरा वर्षं फसल्यानंतर. स्पर्शाच्या बाबतीत तितकं थांबायची गरज नाही, कारण इथे दुरुस्ती एका शब्दाची आहे. 'श्राव्य, दृश्य किंवा स्पर्शगम्य' असं म्हटलं की काम झालं. प्रत्येक नव्या खेळण्यासाठी वेगळा कायदा करण्याच्या मी विरुद्ध आहे. माणसाला तिसरंही इंद्रिय आहे एवढंच जुन्या कायद्याने मान्य करायचं आहे.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो, आणि तो तंत्रज्ञ मंडळींकडून येतो. पोत ही व्यक्तिनिष्ठ गोष्ट, तुम्हाला मऊ ते मला राठ, मग खोटं-खरं ठरवणार कसं? हा आक्षेप ऐकला की मला जपानमधल्या कापड गिरण्यांची आठवण होते. कापडाचा 'हात', म्हणजे हातात घेतल्यावरचं त्याचं लागणं, हे गिरणीतले अनुभवी परीक्षक ठरवत. १९७२ मध्ये सुएओ कावाबाता यांच्या पुढाकाराने एक समिती बसली. परीक्षकांना शेकड्यांनी कापडं चाचपायला लावली, त्यांचे शब्द जमवले. कोशी म्हणजे कापडाचा ताठा, नुमेरी म्हणजे गुळगुळीतपणा, फुकुरामी म्हणजे भरदारपणा. मग तेच गुण मोजणारी यंत्रं बांधली: कापड किती ताणलं जातं, किती वाकतं, दाबलं तर किती दबतं, पृष्ठभाग किती घासतो आणि किती खडबडीत आहे. ती पद्धत आजही कापड उद्योगात वापरतात. पन्नास वर्षांपूर्वी तलमपणा मोजता आला, तर आज मोजता येत नाही हे म्हणणं सोयीचं आहे, खरं नाही. वाण्याच्या तागडीवर आपण वैधमापन खात्याचा शिक्का मारून घेतोच. विक्रीसाठी पाठवलेल्या पोताच्या फाइलवर ती कोणत्या वस्तूवरून, केव्हा नोंदवली याची छाप असावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

त्याहून कडक मी एकाच ठिकाणी होईन. खरी वस्तू समोर असताना तिचा स्पर्श बदलणं, विक्रीच्या जागी, हे सरळ बंद असावं. दूरच्या वस्तूचा पोत पाठवणं हे पत्रासारखं आहे, पत्र खोटं असू शकतं हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. समोरच्या कापडावर बोट ठेवलेल्या माणसाच्या बोटात दुसरंच कापड घालणं हे पत्र नाही, ती पाकीटमारी आहे. त्याला 'अनुभव समृद्ध करणं' असं नाव देतील, देऊ देत. फर्निचरच्या दुकानात लाकडाचे तंतू दाबून केलेली एमडीएफची फळी सागवान लागायला नको, आणि घराच्या शोरूममध्ये सिमेंटचा गिलावा संगमरवरासारखा लागायला नको. घड्याळ, अंगठी, चष्मा, काहीही असो, तिथे ते मुकं व्हायला हवं, आणि ते ठरवण्याचं काम गिऱ्हाइकाच्या सेटिंगवर न सोडता दुकानावर टाकायला हवं.

आणखी एक गोष्ट, घाईत सांगतो. थरथर बोटाच्या वेगाशी आणि दाबाशी जुळवायची तर यंत्राला ते वेग आणि दाब सतत मोजावे लागतात. म्हणजे तुमचा हात कशावर रेंगाळला, कशावरून झटक्यात उचलला गेला, याची नोंद कुठेतरी होते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच नाही. यावर स्वतंत्र लेख हवा.

सध्या ही अंगठी ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. एक म्हणजे बोट थांबवलं की पोत नाहीसा होतो, आणि दुसरी म्हणजे थंडपणा. लोखंड हातातली ऊब झटकन ओढून घेतं म्हणून गार लागतं, लाकूड तसं करत नाही, आणि शेंगदाण्याएवढ्या मोटरला हे सोंग आणता येत नाही. गुळगुळीत टेबल खडबडीत करणं तिला सोपं जातं, राठ कापड मऊ करणं फार अवघड. कापडाचं वजन आणि त्याची पडण तर तिच्या आवाक्यातच नाही. पण गरम-गार होणारे तुकडे, कातडी हलकेच ओढणारे पट्टे यांवर प्रयोगशाळांतून काम चालूच आहे. या खुणा किती दिवसांच्या सोबती आहेत सांगता येत नाही.

परवा आत्याला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वास येतो का त्या चष्म्यातून?" मी म्हटलं, अजून नाही. मग तिने मला माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा सांगितली. तिच्या लग्नाचा शालू घेताना आजोबांनी पदराच्या दशीतला एक धागा तोडून दुकानातल्या समईवर धरला होता. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटात चुरली, तेव्हा कुठे आजोबांनी दुकानदाराला किंमत विचारली.